स्मार्टफोन व बाह्य मॉनिटर यांची जोडणी

स्मार्टफोनच्या पडद्यावरील दृश्य केबलने किंवा बिनतारी पद्धतीने मॉनिटर, दूरचित्रवाणी संच अथवा प्रक्षेपकावर (प्रोजेक्टर) दाखवण्याच्या क्रियेस प्रचलित भाषेत स्क्रीन मिररिंग असे म्हणतात. अध्यापन, सभांमधील सादरीकरण व घरगुती मनोरंजन यांसाठी तिचा उपयोग होतो.

केबलद्वारे जोडणी

२०१० साली आलेल्या एमएचएल मानकामुळे काही फोनच्या मायक्रो-यूएसबी पोर्टमधून एचडीएमआय पडद्यावर दृश्य पाठवणे शक्य झाले. हे मानक आता मागे पडले आहे. २०१४ मध्ये व्हेसा या संस्थेने यूएसबी-सी पोर्टमधून दृश्यसंकेत नेणारी ‘डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड’ ही पद्धत जाहीर केली. आयफोनमध्ये ही सोय २०२३ च्या आयफोन १५ मालिकेपासून मिळाली. त्यापूर्वीच्या लाइटनिंग पोर्टच्या आयफोनना वेगळा अडॅप्टर लागतो.

ग्राहकाची फसगत येथेच होते. सर्व यूएसबी-सी पोर्ट दिसण्यात सारखे असले, तरी त्यांची क्षमता सारखी नसते. अनेक स्वस्त फोनमध्ये हे पोर्ट केवळ चार्जिंग व यूएसबी २.० गतीच्या माहिती-वहनापुरते असते. अशा फोनला यूएसबी-सी ते एचडीएमआय अडॅप्टर कितीही महागाचा लावला, तरी पडदा कोराच राहतो. म्हणून अडॅप्टर घेण्यापूर्वी फोनच्या तांत्रिक तपशिलात ‘डिस्प्लेपोर्ट’ किंवा ‘व्हिडिओ आउटपुट’ असा स्पष्ट उल्लेख आहे का, हे पाहावे. नुसता ‘यूएसबी ३’ हा उल्लेख पुरेसा नाही. केबलच्या बाबतीतही हीच दक्षता हवी. फोनसोबत मिळणारी चार्जिंगची केबल पुष्कळदा दृश्यसंकेत नेत नाही. ऑल्ट मोड नसलेल्या अँड्रॉइड फोनसाठी डिस्प्लेलिंक हा पर्याय आहे. त्यात दृश्य संक्षिप्त करून साध्या यूएसबीवरून पाठवले जाते. मात्र त्यासाठी त्याच तंत्राचा डॉक आणि फोनवर स्वतंत्र ॲप लागते.

जुन्या प्रक्षेपकांना केवळ व्हीजीए पोर्ट असते. व्हीजीए अनुरूप (ॲनालॉग) संकेतावर चालत असल्याने साधी केबल पुरत नाही, परिवर्तक लागतो. व्हीजीएमधून ध्वनी जात नाही, त्यामुळे ध्वनिवर्धक वेगळा जोडावा लागतो.

सॅमसंगने २०१७ मध्ये गॅलेक्सी एस ८ सोबत आणलेल्या ‘डेक्स’ सुविधेत मॉनिटरवर फोनची प्रतिकृती न दिसता संगणकासारखा वेगळा पडदा उघडतो.

बिनतारी जोडणी

पोर्ट असमर्थ असल्यास हाच मार्ग सोयीचा ठरतो. मिराकास्टमध्ये (२०१२) दोन उपकरणे वाय-फाय डायरेक्टने थेट जोडली जातात, राउटर लागत नाही. क्रोमकास्ट (२०१३) व ॲपलचे एअरप्ले यांत दोन्ही उपकरणे सहसा एकाच वाय-फाय जाळ्यावर असावी लागतात. बिनतारी दृश्य किंचित उशिरा उमटते. व्याख्यानात ते खटकत नाही, खेळांत मात्र जाणवते.

मर्यादा

मिररिंग चालू असताना फोनवर येणारे संदेश व बँकेचे ओटीपीही श्रोत्यांना दिसू शकतात, यास्तव ‘डू नॉट डिस्टर्ब’ आधीच लावणे इष्ट. एचडीसीपी या प्रत-संरक्षणामुळे काही ॲपमधील चित्रपट बाह्य पडद्यावर काळे दिसतात. तो केबलचा दोष नसतो.