दंडाची वही आणि ‘गुन्हेगारी’चा जुना अर्थ

आमच्या गणेशपुरीच्या घरात एक वही आहे. लांबट, तांबड्या कापडी पुठ्ठ्याची, किराणा दुकानदार उधारी लिहायला वापरतात तसली. वडिलांनी (त्यांना आम्ही भाऊ म्हणतो) १९९४ साली सेकंडहँड जीप घेतली, त्या दिवसापासून ही वही सुरू झाली. विरार स्टेशनवरून शिरसाड फाटा, पारोळ, उसगाव, वज्रेश्वरी करत गणेशपुरीला भाविक आणायचे आणि संध्याकाळी परत सोडायचे, हा त्यांचा अठरा वर्षांचा धंदा. नित्यानंदांच्या समाधीचे दर्शन, कुंडातल्या गरम पाण्याची आंघोळ आणि परतीची घाई, असा इथला प्रवासी. गुरुवारी गर्दी, गुरुपौर्णिमेला त्याहून जास्त, आणि ऑगस्टमधल्या पुण्यतिथीला तर टपावरही माणसे.

वहीत डिझेल, टायर, हप्ता हे सगळे आहेच. पण शेवटची वीसेक पाने वेगळी आहेत. त्यावर मथळा आहे: ‘दंड’. तारीख, कारण, रक्कम, पावती क्रमांक. ज्याची पावती मिळाली तेवढेच भाऊंनी लिहिले आहे. कुठल्या हद्दीत कोणी पावती फाडली ते मी इथे लिहीत नाही. तो या लेखाचा विषय नाही, आणि एका ड्रायव्हरच्या वहीवरून कोणावर ठपका ठेवणे बरोबरही नाही.

लहानपणापासून ऐकलेले एक वाक्य मात्र विषयाचे आहे. महिन्याचे शेवटचे दोन-तीन दिवस आले की भाऊ सकाळी म्हणायचे, “आज कागद वर ठेव. टार्गेटचे दिवस आहेत.” विरारच्या स्टँडवरचा प्रत्येक ड्रायव्हर हेच म्हणायचा. ‘टार्गेट’ हा इंग्रजी शब्द आमच्या आजीलाही ठाऊक होता, आणि त्याचा तिला माहीत असलेला अर्थ एकच होता: पोलिसांना ठरावीक संख्येने गाड्या पकडाव्या लागतात.

हे खरे आहे का? इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला हा प्रश्न बरीच वर्षे छळतो आहे. असा लेखी हुकूम सहसा कोणाच्या हाती लागत नाही. विचारले तर उत्तर ‘नाही’ असेच येते, आणि रस्त्यावरचा माणूस ‘हो’वर ठाम असतो. म्हणून मी प्रश्न जरा मागे नेऊन पाहिला. दंड कोणाच्या खिशात जातो, आणि दंड करणाऱ्याचे काम कशावरून मोजले जाते, हे दोन प्रश्न आपल्या मुलखात किती जुने आहेत?

गुन्हेगारी घेतली

पेशवाईतली कागदपत्रे पहिल्यांदा वाचताना मी एका शब्दाला अडखळलो होतो. अमक्याकडून ‘गुन्हेगारी’ घेतली, असे त्यात येते. आज गुन्हेगारी वाढते किंवा घटते. ती कोणी ‘घेत’ नाही. पण त्या कागदांत गुन्हेगारी म्हणजे गुन्ह्याबद्दल घेतलेला दंड. दाव्यात जिंकणाऱ्याने सरकारला द्यायची ती ‘हरकी’ आणि दोषी ठरलेल्याने द्यायची ती ‘गुन्हेगारी’. बोलावणे घेऊन आलेल्या प्याद्याचा खर्चही ज्याला बोलावले त्याच्याकडूनच वसूल व्हायचा. त्याला ‘मसाला’ म्हणत. न्यायाची प्रत्येक पायरी जमाखर्चात एक बाब होती.

पुण्याचा कोतवाल हे याचे सर्वांत ठळक उदाहरण. रात्री तोफ झाली की रस्त्यावर फिरायला बंदी. जो सापडेल तो सकाळपर्यंत अटकेत. मराठ्यांच्या नोकरीत राहिलेला विल्यम हेन्री टोन हा आयरिश अधिकारी अठराव्या शतकाच्या अखेरीस लिहितो की, हा नियम इतका कडक होता की अवेळी बाहेर पडलेल्या खुद्द पेशव्यालाही एकदा रात्रभर अडकून पडावे लागले. गोष्ट खरी असो वा दंतकथा, आजच्या नाकाबंदीची आजी तिथे दिसते. आणि त्या व्यवस्थेची दुसरी बाजू म्हणजे घाशीराम कोतवाल. १७७७ मध्ये नेमला गेलेला हा माणूस चौदा वर्षे शहरावर बसला. ऑगस्ट १७९१ मध्ये त्याने कोंडलेल्या तेलंगी ब्राह्मणांपैकी अनेक जण गुदमरून मेले, तेव्हा लोकांनी त्यालाच दगडांनी ठेचले. त्याला आपण नाटकामुळे ओळखतो. पण नाटक बाजूला ठेवले तरी प्रश्न राहतो: ज्या खात्याचा दंड हा सरकारी उत्पन्नाचा भाग असतो, ते खाते कमी गुन्हे झाले म्हणून खूश होईल की नाराज?

दुसऱ्या बाजीरावाच्या काळात याचे उत्तर उघडच दिले गेले. परगण्यांचा कारभार इजाऱ्याने, म्हणजे चढ्या बोलीने दिला जाऊ लागला. बोली लावणाऱ्याला ती रक्कम वसूल करणे भाग होते. सारा पुरला नाही तर गुन्हेगारी होतीच. १८१९ मध्ये एल्फिन्स्टनने जिंकलेल्या मुलखाचा जो अहवाल लिहिला, त्यात या इजारेदारीने न्यायाची काय गत केली ते नोंदवले आहे. इथे कोटा लेखी होता. त्याचे नाव फक्त ‘मक्ता’ होते.

मोहाची फुले

इंग्रजांनी इजारा मोडला असे शाळेत शिकवतात. आमच्या तानसा खोऱ्यात तो दुसऱ्या दाराने आला. १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्याने दारूची मक्तेदारी बांधली गेली; मक्तेदाराने सरकारला किमान उत्पन्नाची हमी द्यायची. मक्तेदाराचा शत्रू एकच होता: घरी दारू गाळणारा आदिवासी. मग १८९२ चा मोहाचा कायदा आला, खास ठाणे आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांसाठी. त्याने परवान्याशिवाय मोहाची फुले बाळगण्यावरच निर्बंध घातले.

हे समजायला मोह काय ते माहीत हवे. वारली, कातकरी, मल्हार कोळी यांच्या घरात वाळवलेली मोहाची फुले असणे म्हणजे कोकणात कोकम असण्यासारखे. ती खायची, विकायची, त्यांची दारूही करायची. कायद्याने घराघरात असलेली वस्तूच गुन्हा केली. त्यानंतर कोणाच्या झोपडीत शिरायचे आणि कोणाच्या नाही, हे फुलांवर ठरत नव्हते, कारण फुले सगळीकडेच होती. ते शिरणाऱ्यावर ठरत होते.

भाऊंच्या वहीशी माझ्या मनात जी गाठ पडली ती इथे. त्यांच्या जीपमध्ये परवान्यापेक्षा जास्त माणसे रोज असायची. नऊ जणांच्या जागी चौदा. त्याशिवाय डिझेलही सुटत नाही, असे ते म्हणत, आणि एसटीची वाट पाहून कंटाळलेले प्रवासी स्वतःच मागे लोंबकळत. म्हणजे गुन्हा तीनशे पासष्ट दिवस होता. पावत्या मात्र मोजक्याच दिवसांच्या आहेत. जिथे सगळेच रोज चुकतात, तिथे कोणाला कधी पकडायचे हे चूक ठरवत नाही. ते दुसरेच काहीतरी ठरवते.

आकडा नावाचा साहेब

ते ‘दुसरे काहीतरी’ म्हणजे पैसा, असे आपण पटकन म्हणतो. पण वाहतूक पोलिसाने पावती देऊन घेतलेला दंड त्याच्या खिशात जात नाही, पोलीस ठाण्याच्या गल्ल्यातही राहत नाही. तो राज्याच्या तिजोरीत जमा होतो. इजारेदाराचा हेतू इथे लागू पडत नाही. हवालदाराला त्या रकमेतून मिळते ते इतकेच: महिन्याच्या बैठकीत वाचायला एक आकडा.

आणि आकड्याचा इतिहास स्वतंत्र आहे. १९०२-०३ मध्ये अँड्र्यू फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या पोलीस आयोगानेच आकडेवारीवरून पोलिसाची कामगिरी जोखण्याच्या रीतीवर टीका केली होती. पाऊण शतकानंतर, १९७७ मध्ये धरमवीर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेला राष्ट्रीय पोलीस आयोग त्याच जागी परत आला. गुन्ह्यांचे आकडे कमी दिसावेत म्हणून तक्रारच नोंदवून न घेण्याची सवय का लागते, याची चिकित्सा त्याने केली. गंमत पाहा: चोरीचा आकडा कमी हवा म्हणून तक्रार लिहायची नाही, आणि कारवाईचा आकडा जास्त हवा म्हणून रस्त्यावर गाड्या थांबवायच्या. दोन्हीकडे साहेब एकच, आकडा.

इष्टांकाने काय होते हे महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको. १९७६-७७ मध्ये देशात सुमारे ४३ लाख नसबंद्यांचे लक्ष्य होते, झाल्या ८२ लाखांवर. तलाठी, शिक्षक, ग्रामसेवक, सगळ्यांच्या नावापुढे संख्या होती, आणि संख्या भरायला सर्वांत सोपा माणूस म्हणजे ज्याला नाही म्हणता येत नाही तो. १९९६ मध्ये कुटुंबनियोजनातून ही लक्ष्यपद्धत अधिकृतपणे काढून टाकली गेली. म्हणजे सरकारला लक्ष्य मागे घेता येते. त्यासाठी आधी ते होते हे मान्य करावे लागते.

रस्त्यावर ही कबुली अर्धीच मिळते. आपल्याकडे परिवहन विभागाला दरवर्षी महसुलाचे उद्दिष्ट दिले जाते, यात लपवण्यासारखे काही नाही. कोणत्या आरटीओने उद्दिष्ट ओलांडले याच्या बातम्या दर एप्रिलला अभिमानाने छापून येतात. त्या महसुलाचा मोठा भाग वाहन कर आणि नोंदणीचा असतो, दंडाचा नव्हे, हेही खरे. पण रस्त्यावर उभे राहणारे आरटीओचे पथक आणि वाहतूक पोलीस यांतला फरक जीपच्या ड्रायव्हरला काय कळणार? एका गणवेशाचे उद्दिष्ट पेपरात वाचून तो दुसऱ्या गणवेशाकडे पाहतो.

कायद्याची भाषाही त्याच्या संशयाला खतपाणी घालते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम २०० खाली आपण रस्त्यावर भरतो ती शिक्षा नसते. ते ‘तडजोड शुल्क’ असते. खटला चालत नाही, कोणी दोषी ठरत नाही, पैसे दिले की प्रकरण मिटते. पेशवाईतला कारकून हे वाचून म्हणाला असता, अहो, हीच तर गुन्हेगारी.

अमेरिकेतही हा वाद जुना आहे, आणि तिथे तो कागदावर सापडला. मायकेल ब्राऊन या कृष्णवर्णीय तरुणाचा पोलिसाच्या गोळीने मृत्यू झाल्यावर फर्ग्युसन या छोट्या शहराची चौकशी झाली. मार्च २०१५ मध्ये अमेरिकी न्याय खात्याने जो अहवाल दिला, त्यात शहराचे अंदाजपत्रकच पोलिसांना पळवत होते असे दिसले: दंड आणि शुल्काचे उत्पन्न २०१० मध्ये १३.८ लाख डॉलर, तर २०१५ साठीची अपेक्षा ३०.९ लाख. न्यूयॉर्क राज्यात कोटा न भरल्याबद्दल पोलिसाला शिक्षा करायला कायद्याने मनाई आहे. २०१० मध्ये ती मनाई रस्त्यावरच्या अडवणुकीपर्यंत वाढवली. तरी वाद संपला नाही, कारण ‘कोटा’ हा शब्द गेला तरी ‘कामगिरी’ हा शब्द राहतो.

वही काय सांगते

दोन वर्षांपूर्वी लॉकडाऊनमधल्यासारखी सवड मिळाली, तेव्हा मी भाऊंच्या पावत्या तारखेप्रमाणे मांडल्या. महिनाअखेरीला ढीग असेल अशी खात्री होती. तो दिसला नाही. अठ्ठावीस ते एकतीस या तारखा इतर दिवसांसारख्याच निघाल्या. भाऊंना सांगितले तर त्यांना पटेना. महिनाअखेरीची पावती लक्षात राहते, कारण त्या दिवशी ती अपेक्षित असते. बारा तारखेची विसरली जाते. गुरुवारी आणि पुण्यतिथीच्या आसपास पावत्या जास्त होत्या, पण तेव्हा फेऱ्याही जास्त होत्या. एक उंचवटा मात्र कशानेच सपाट होईना. तो मार्च महिना. त्या महिन्यात आमच्याकडे मोठी यात्रा नसते.

एका जीपच्या वहीवरून राज्याचा निष्कर्ष काढता येत नाही. पण आम्ही तीस वर्षे जे म्हणत होतो त्यातले अर्धे आमच्या आठवणीने रचलेले होते आणि अर्धे विचारण्यासारखे होते, एवढे मला कळले.

दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. महाराष्ट्रात रस्त्यावर दरवर्षी पंधरा हजारांवर माणसे मरतात. २०२३ चा आकडा १५,३६६ आहे. चौदा माणसे भरलेली जीप वज्रेश्वरीच्या वळणावर उलटली असती तर मी हा लेख लिहीत नसतो. गाड्या थांबवायलाच हव्यात. पण थांबवणाऱ्याचे काम चलनांच्या संख्येने मोजायचे की त्या रस्त्यावर कमी झालेल्या मृत्यूंनी, हा निवडीचा प्रश्न आहे. चलनांनी मोजले तर जिथे गाडी सहज थांबते तिथे पोलीस उभा राहतो. मृत्यूंनी मोजले तर जिथे अपघात होतो तिथे.

आता पावतीपुस्तक गेले. २०१६ मध्ये मुंबईत आणि पुढे राज्यभर ई-चलन आले. जुलै २०२५ मध्ये मालवाहतूकदारांनी त्याविरुद्ध संप पुकारला, तेव्हा भिवंडीच्या गोदामांबाहेर मी तोच शब्द ऐकला, टार्गेट. त्याच सुमारास पोलिसांनी स्वतःच्या मोबाइलवर फोटो काढून चलन करू नये, असा आदेशही निघाला. भांडण जुनेच आहे, पण एक गोष्ट नवी आहे. प्रत्येक ई-चलनावर दिवस, वेळ आणि ठिकाण असते. भाऊंना अठरा वर्षे हाताने लिहावे लागले ते आता सगळ्या राज्याचे एका जागी साठते आहे.

म्हणून माहितीच्या अधिकारात ‘कोटा आहे का’ असे विचारू नये. उत्तर आपल्याला ठाऊक आहे. तारीखवार आणि ठिकाणवार चलने मागावीत, आणि शेजारी त्याच रस्त्यांवरचे अपघात मांडावेत. मार्चचा उंचवटा राज्यभर असेल तर तो दिसेल. नसेल तर पोलिसांवरचा एक जुना आरोप पुराव्याने पुसला जाईल, आणि तेही काही कमी नाही.

भाऊंनी हे ऐकून घेतले. मग म्हणाले, “अर्ज कर. पण मार्च संपू दे.”