न दुखणारे पाऊल

टोरांटो येथे १९२२ मध्ये मधुमेहावर इन्सुलिनचा उपचार सुरू झाला. पूर्वी बेशुद्धी येऊन दगावणारे रुग्ण आता वर्षानुवर्षे जगू लागले. बोस्टनचे मधुमेहतज्ज्ञ एलियट जॉस्लिन यांनी मात्र १९३४ मध्ये मधुमेहींच्या गँगरीनबद्दल धोक्याचा इशारा देणारा निबंध लिहिला. माणसे उतारवयापर्यंत पोचत होती आणि त्यांचे पाय सडत होते.

पाय का सडतो? रक्तवाहिन्या अरुंद होतात म्हणून, हे उत्तर खरे, पण अर्धेच. उरलेले अर्धे उत्तर कुष्ठरोगाच्या अभ्यासातून मिळाले आणि त्याची सुरुवात आपल्या देशात झाली.

तमिळनाडूतील कोल्ली डोंगरात १९१४ मध्ये जन्मलेले शल्यचिकित्सक पॉल ब्रँड १९४६ मध्ये वेल्लोरला रुजू झाले. कुष्ठरोग्यांची बोटे आपोआप झडतात, असा त्या काळी सर्वसाधारण समज होता. ब्रँड यांच्या लक्षात आले, की मांस बरेचसे निरोगी असते. हरवलेली असते ती वेदना. आपण फार चाललो, की तळव्याचा एखादा भाग हुळहुळतो. मग आपण नकळत भार दुसरीकडे टाकतो, प्रसंगी लंगडतोही. बधिर पायाचा माणूस यातले काहीच करीत नाही. तो त्याच जागेवर पाऊल दाबत राहतो. तेथील ऊतींचा दाह होतो आणि शेवटी त्वचा फुटते. काटा किंवा खिळाच लागायला हवा असे नाही. रोजचे चालणे पुरते! (भार तोच ठेवून क्षेत्रफळ कमी केले तर दाब वाढतो, हा धडा शिकवताना हे उदाहरण जरूर द्यावे.) वेल्लोरला मऊ, सच्छिद्र रबराच्या चपला याच विचारातून आल्या.

१९६६ मध्ये ब्रँड अमेरिकेतील लुइझियाना राज्यात, कारव्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले. मधुमेहातही पायांचे मज्जातंतू निकामी होतात, तेव्हा व्रणांचे कारण तेच. भारतात कुष्ठरोग्यांसाठी वापरले जाणारे, पावलाला सर्व बाजूंनी घट्ट बसणारे प्लॅस्टर मग तेथे मधुमेहींनाही घालण्यात आले. त्यात भार साऱ्या तळव्यावर आणि पोटरीवर वाटला जातो. रुग्ण हिंडताफिरता असूनही जखम भरते.

आज मधुमेहींच्या तपासणीत दहा ग्रॅम भाराला वाकणारा नायलॉनचा तंतू डोळे मिटलेल्या रुग्णाच्या तळव्याला टेकवतात. स्पर्श कळला नाही, तर रक्षण करणारी संवेदना गेली असे समजतात. वृद्धांची अडचण आणखी वेगळी. नजर अधू आणि कंबर ताठ, त्यामुळे स्वतःचा तळवा दिसतच नाही. त्यांच्यासाठी जमिनीवर ठेवलेला आरसा किंवा नातवंडांचे डोळे कामी येतात.