बुधवार, रात्री आठ : 'बिनाका गीतमाले'चे दिवस

बुधवारी रात्री आठच्या सुमारास चाळीच्या गॅलरीतून जाणाऱ्या माणसाला गाणे ऐकण्यासाठी कोठे थांबावे लागत नसे, असे त्या काळातील माणसे सांगतात. एका बिऱ्हाडासमोर सुरू झालेले कडवे पुढच्या बिऱ्हाडापाशी पुरे होई, आणि जिन्याशी पोहोचेपर्यंत पुढील गाण्याचा क्रमांक जाहीर झालेला असे. ज्यांच्या घरी रेडिओ नसे ते शेजाऱ्यांच्या उंबऱ्यावर बसत. ज्यांना तेही जमत नसे ते पानाच्या ठेल्यासमोर किंवा इराण्याच्या हॉटेलात एक चहा पुरवून पुरवून पीत. सर्वांचे कान एकाच गोष्टीकडे लागलेले असत : या आठवड्यात पहिले गाणे कोणते?

'बिनाका गीतमाला' हे नाव आज उच्चारले की बहुतेकांना 'सुवर्णकाळातील अवीट गाणी' एवढेच आठवते. ते चुकीचे नाही, पण अपुरे आहे. गीतमाला हा उत्तमोत्तम गाण्यांचा संग्रह कधीच नव्हता. सामान्य श्रोत्याला या आठवड्यात काय आवडले, याची ती दर बुधवारी होणारी नोंद होती. सरकारी रेडिओने हिंदी चित्रपटगीतांसमोर दार लोटून घेतले, त्याच काळात ही नोंद सुरू झाली, हे तिचे खरे महत्त्व.

कोलंबोहून का?

मुंबईत तयार होणारी गाणी मुंबईकरांनी श्रीलंकेहून, म्हणजे तेव्हाच्या सिलोनहून का ऐकावीत, हा प्रश्न आजच्या वाचकाला पडणे साहजिक आहे. त्याचे उत्तर दिल्लीत सापडते. १९५२ मध्ये डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे केंद्रीय माहिती व नभोवाणी मंत्री झाले आणि १९६२ पर्यंत त्या पदावर राहिले. मूळचे पुण्याचे केसकर अभिजात संगीताचे जाणकार होते. संस्थाने विलीन झाल्यावर गवई-वादकांचा आश्रय तुटला होता. तो नभोवाणीने द्यावा, ही त्यांची भूमिका होती. १९५२ मध्येच सुरू झालेला संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम हे त्या भूमिकेचे फळ होय. परंतु याच भूमिकेची दुसरी बाजू म्हणजे चित्रपटगीतांविषयीची नापसंती. या गीतांचा वेळ आकसला. चित्रपटाचे नाव सांगणे ही जाहिरात ठरते, म्हणून ते गाळण्यात येऊ लागले. निर्मात्यांना हे मान्य होण्यासारखे नव्हते. त्यांनी गाण्यांचे परवाने काढून घेतले आणि देशाच्या नभोवाणीवरून हिंदी चित्रपटगीत जवळजवळ नाहीसे झाले.

ही पोकळी रेडिओ सिलोनने भरून काढली. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या सैन्यासाठी तेथे शक्तिशाली लघुलहरी प्रक्षेपक उभारण्यात आला होता. युद्धानंतर तो सिलोनच्या हाती आला आणि पन्नाशीच्या आरंभी त्यावरून व्यापारी सेवा सुरू झाली. लघुलहरी वातावरणाच्या वरच्या, विद्युत्भारित थरांवरून परावर्तित होतात, म्हणून त्या शेकडो कोस दूर जातात. ते थर मात्र स्थिर नसतात. म्हणूनच कोलंबोचा आवाज मध्येच लाटेसारखा वर येई, मध्येच दूर जाई. खिडकीला बांधलेली जाळीची एरियल हलवणे आणि काटा केसभर इकडेतिकडे करणे, ही कामे घरातील एखाद्या जाणत्या मुलाकडे सोपवलेली असत. आज जुने ध्वनिमुद्रण ऐकताना ही खरखर नकोशी वाटते. त्या श्रोत्यांना ती कार्यक्रमाचाच भाग वाटे.

सात गाण्यांपासून क्रमवारीपर्यंत

लोकप्रिय गाणी क्रमाने वाजवण्याची कल्पना मूळ अमेरिकेतील. 'युअर हिट परेड' हा तेथील कार्यक्रम १९३५ मध्ये सुरू झाला आणि त्याचा पुरस्कर्ता एक सिगारेटचा छाप होता. रेडिओ सिलोनवर इंग्रजी गाण्यांची 'बिनाका हिट परेड' होती. तिच्या धर्तीवर हिंदी कार्यक्रम करावा, असे 'सिबा' या स्विस कंपनीच्या बिनाका टूथपेस्टच्या जाहिरातीसाठी ठरले आणि ३ डिसेंबर १९५२ रोजी 'बिनाका गीतमाला' प्रथम ऐकू आली.

आरंभी तो अर्ध्या तासाचा कार्यक्रम होता. सात गाणी कोणत्याही क्रमाविना वाजवली जात. श्रोत्यांनी ती लोकप्रियतेनुसार लावून पाठवायची आणि अचूक उत्तराला शंभर रुपयांचे बक्षीस. निवेदक अमीन सयानी यांनी पुढे मुलाखतींतून सांगितल्याप्रमाणे पहिल्याच कार्यक्रमाला सुमारे नऊ हजार पत्रे आली आणि वर्षभरात हा आकडा आठवड्याला पासष्ट हजारांवर गेला. एवढी पत्रे उघडून तपासणे अशक्य झाले, तेव्हा स्पर्धा बंद करून एक तासाची, क्रमाने चढत जाणारी गाण्यांची माळ सुरू करण्यात आली. म्हणजे गीतमालेला तिचे परिचित रूप मिळाले ते पत्रांच्या ओझ्यामुळे.

कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित होई आणि त्याच्या फिती विमानाने कोलंबोला जात. तेथून सोडलेला आवाज समुद्र ओलांडून पुन्हा मुंबईतील चाळींत उतरे. गाण्याच्या क्रमांकाला सयानी 'पायदान' म्हणजे पायरी म्हणत. खालच्या पायरीपासून चढत चढत पहिल्या क्रमांकापर्यंत जायचे, मागच्या आठवड्यात ते गाणे कोठे होते हे सांगायचे, आणि ठरावीक आठवडे यादीत टिकलेल्या गाण्याला बिगुल वाजवून 'सरताज गीत' म्हणून मानाने निरोप द्यायचा, अशी त्याची रचना होती. गाण्याची चढउतार एखाद्या माणसाच्या नशिबासारखी ऐकवली जाई. श्रोता त्यात गुंतला नसता तरच नवल.

'बहनों और भाइयों'

२१ डिसेंबर १९३२ रोजी मुंबईत जन्मलेल्या अमीन सयानी यांचे वय गीतमाला सुरू झाली तेव्हा वीस वर्षेही पूर्ण नव्हते. थोरले बंधू हमीद सयानी इंग्रजी नभोवाणीत नावाजलेले होते आणि अमीन यांचीही सुरुवात इंग्रजीतूनच झाली. गीतमालेचे काम त्यांच्याकडे आले ते आठवड्याला पंचवीस रुपये मानधनात निवेदन, लेखन आणि पत्रांची छाननी असे सारेच करायला दुसरे कोणी तयार नव्हते म्हणून.

त्यांची भाषा मात्र घरात घडलेली होती. त्यांच्या आई कुलसुम सयानी या नवसाक्षरांसाठी 'रहबर' हे पत्र चालवत. हिंदी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत निघणाऱ्या त्या पत्राची भाषा गांधीजींना अभिप्रेत असलेली सोपी हिंदुस्थानी होती. त्या पत्राच्या कामात मदत करताना मुलाने जी बोली उचलली, तीच पुढे गीतमालेची बोली झाली. तीत संस्कृतचे जडत्व नव्हते आणि फारसीचा दिमाखही नव्हता. हिंदी मातृभाषा नसलेल्या मराठी, गुजराती, तमिळ घरांतही ती कळे. 'बहनों और भाइयों' या संबोधनात भगिनींना दिलेले पहिले स्थानही घरोघरच्या श्रोत्या स्त्रियांनी बरोबर टिपले होते. २००९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २० फेब्रुवारी २०२४ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

क्रम कोण ठरवी?

ही नोंद कितपत विश्वासार्ह होती, हेही विचारले पाहिजे. प्रथम ठिकठिकाणच्या दुकानांतील तबकड्यांची विक्री हा आधार धरण्यात आला. त्यातील दोष लवकरच दिसला. जे गाणे फार खपे त्याची तबकडी दुकानातून संपे, आणि संपलेल्या तबकडीची विक्री शून्य दिसे. शिवाय विक्रीचे आकडे फुगवण्यात ज्यांचा लाभ होता त्यांचीही भीती होती. म्हणून गावोगावच्या श्रोता संघांची मतेही विचारात घेतली जाऊ लागली. हे संघ उत्साही रसिकांनी आपणहून काढलेले होते. पत्रे लिहिणे, सभा भरवणे, मते पाठवणे हा त्यांचा उद्योग. म्हणजे या क्रमवारीला जनमताचा अचूक कौल म्हणता येणार नाही. पत्र लिहिणाऱ्याचे मत पोहोचे, न लिहिणाऱ्याचे राहून जाई. तरीही हिंदी गाणे कोणाला आवडते, हे त्या काळी इतक्या सातत्याने विचारणारे दुसरे कोणी फारसे नव्हते.

यादी काय सांगते?

वर्षअखेरीच्या कार्यक्रमात वर्षाचे सर्वोच्च गीत जाहीर होई. १९५३ चा तो मान 'अनारकली' चित्रपटातील लता मंगेशकर यांच्या गाण्याला मिळाला. त्याचे संगीतकार होते नगर जिल्ह्यातील पुणतांब्याचे राम चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र. येथवर आपल्या आठवणी आणि यादी एकमेकींशी जुळतात. पुढे मात्र ठेचा लागतात.

१९५७ हे 'प्यासा', 'नया दौर' आणि 'मदर इंडिया' यांचे वर्ष. या तिन्हींची गाणी आजही ऐकली जातात. परंतु त्या वर्षीचे सर्वोच्च गीत यांपैकी कोणत्याही चित्रपटातील नव्हते. ते होते 'जनम जनम के फेरे' या धार्मिक चित्रपटातील, एस. एन. त्रिपाठी यांच्या संगीतात मोहम्मद रफी आणि लता मंगेशकर यांनी गायिलेले. १९६५ मध्ये 'सहेली', तर १९६६ मध्ये 'सूरज' या चित्रपटातील गीत पहिले ठरले. ज्या 'गाइड'च्या गाण्यांना आज हिंदी चित्रसंगीताचे शिखर मानले जाते, त्यांतील एकालाही वार्षिक पहिले स्थान मिळाले नाही. १९७५ मध्ये सर्वोच्च ठरली ती 'रोटी कपडा और मकान'मधील महागाईवरची कव्वाली. रॉकेल आणि धान्याच्या रांगा अनुभवलेल्या श्रोत्यांनी त्या वर्षी प्रेमगीतांपेक्षा ती वर ठेवली. १९८७ मध्ये हा मान 'नाम'मधील पंकज उधास यांच्या, परदेशी गेलेल्या मुलाला आलेल्या पत्राच्या गाण्याला मिळाला. घरटी एखादा माणूस आखातात किंवा अमेरिकेत असण्याचे ते दिवस होते.

काळाने केलेली निवड आणि त्या त्या आठवड्याची निवड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यावरून दिसते. आपली स्मृती पहिलीला दुसरीच्या जागी बसवते आणि 'तेव्हा लोकांची अभिरुची केवढी उंच होती' असा सोयीचा निष्कर्ष काढते. यादी नम्रपणे सांगते की, तेव्हाही लोकांना सुंदर आणि सामान्य अशी दोन्ही गाणी आवडत, आणि कधी कधी सामान्य अधिक आवडत.

तरीही केसकरांचा निर्णय योग्य होता, असे यातून निघत नाही. १९५५ च्या रामनवमीपासून आकाशवाणीच्या पुणे केंद्राने ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे 'गीतरामायण' सादर केले. छप्पन्न गीतांची ती माला वर्षभर चालली आणि तिच्यासाठीही मराठी घरे अशीच आठवडाभर वाट पाहत. पुण्याच्या गीतरामायणासाठी रेडिओभोवती जमणारी अनेक घरे बुधवारी कोलंबोही लावत. श्रोत्याला उत्तम काव्य वर्ज्य नव्हते. आपली आवड दुसऱ्याने ठरवणे तेवढे मान्य नव्हते. सरकारलाही हे उमगले. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली आणि १९६७ मध्ये मुंबई, पुणे, नागपूर येथून तिच्यावर जाहिरातीही आल्या. १९८९ मध्ये तर गीतमालाच कोलंबो सोडून विविध भारतीवर आली. पुरस्कर्त्याबरोबर नावे बदलत गेली, 'सिबाका गीतमाला' हे त्यांपैकी एक. आणि १९९४ मध्ये तो दीर्घ प्रवास थांबला. नव्या शतकाच्या आरंभी काही काळ ती पुन्हा ऐकू आली, पण तोवर बुधवारची ती निवांत रात्र उरलेली नव्हती.

आज ऐकताना

जुन्या गाण्यांची हुरहुर काही आजची नाही. रेडिओ सिलोनवरच सकाळी जुन्या चित्रपटांच्या संगीताचा कार्यक्रम लागे आणि त्याचा शेवट कुंदनलाल सैगल यांच्या गाण्याने होई. सैगल १९४७ मध्येच निवर्तले होते. म्हणजे गीतमालेच्या ऐन भरातही कोणीतरी 'आता पूर्वीसारखी गाणी राहिली नाहीत' असे म्हणतच होते.

आज गीतमालेच्या आठवणी सयानी यांच्याच आवाजात 'गीतमाला की छाँव में' या संचातून ऐकता येतात. २०१७ मध्ये आलेल्या 'कारवाँ' या रेडिओसारख्या यंत्रातही त्यांना जागा मिळाली. हे संकलन आनंददायक आहे. पण संकलनात पहिल्या क्रमांकाची वाट पाहावी लागत नाही, आणि पंधराव्या पायरीवर दोन आठवडे टिकून कायमचे विस्मरणात गेलेले गाणेही त्यात सहसा नसते. श्रोत्यांनी घरच्या टेपरेकॉर्डरवर उतरवून घेतलेल्या मूळ भागांत मात्र हे सारे सापडते : न टिकलेली गाणी, जाहिरात, खरखर, आणि मध्येच ऐकू येणारी घरातल्या कोणाची तरी हाक.

कित्येक श्रोते दर बुधवारी वहीत क्रमांक लिहून ठेवत. अशा वह्या आणि अशा कॅसेट आजही कोठे कोठे माळ्यावरच्या पेटीत असतील. चुंबकीय फीत कायम टिकत नाही; दमट हवेत तिला बुरशी चढते, थर सुटतो. घर बदलताना, वडीलधाऱ्यांच्या पश्चात आवराआवर करताना असे काही हाती लागले तर ते रद्दीत टाकण्यापूर्वी त्याची नक्कल करून घ्यावी आणि वर तारीख लिहावी. गाणी कोठेही मिळतील. त्या बुधवारी ती कोणत्या क्रमाने आवडली होती, हे मात्र त्या वहीतच आहे.