गोंधळाचे गीतरूप : तुळजापूरच्या विधिपरंपरेतील एक अर्वाचीन अवस्था

धाराशिव जिल्ह्यातील तुळजापूरच्या भवानीशी निगडित असलेल्या गोंधळाचा विचार बहुधा त्याच्या प्राचीनतेच्या अंगाने होत आला आहे. चालुक्य नृपती तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लासा’त (सुमारे ११२९) ‘गोंडली’ या नृत्याचा निर्देश येतो. सोमेश्वराची राजधानी कल्याणी ही उमरगा तालुक्याच्या पूर्वेस, आजच्या राज्यसीमेपलीकडे असून, या गोंडलीशी गोंधळाचे नाते अभ्यासकांनी जोडले आहे. तथापि याच परंपरेला २००४ साली लागलेले वळणही इतिहासदृष्ट्या तितकेच विचारणीय आहे.

मूळ गोंधळ हे गीत नव्हे. तो कुळाचार होय. विवाहादी मंगलकार्यानंतर यजमानाच्या घरी चौक मांडून, घट स्थापून व दिवटी पाजळून गोंधळी रात्र जागवितात. पूर्वरंगात गणेशस्तवन होते आणि ठिकठिकाणच्या दैवतांना नावानिशी पाचारण केले जाते. उत्तररंगात नाईक व त्याचा साथीदार यांच्या संवादातून आख्यान रंगते. शेवट आरतीने होतो. संबळ, तुणतुणे व झांज ही त्यांची वाद्ये. कदमराई गोंधळी तुळजाभवानीचे, तर रेणुराई माहूरच्या रेणुकेचे उपासक मानले जातात.

शाहीर साबळे यांच्या ‘महाराष्ट्राची लोकधारा’ या कार्यक्रमाने अशा लोकप्रकारांना नागर रंगमंचावर आणले होते. पुढचे पाऊल अजय व अतुल गोगावले या बंधूंनी टाकले. ‘विश्वविनायक’ या आपल्या आरंभीच्या ध्वनिमुद्रिकेत त्यांनी गणेशस्तुतीस भव्य वाद्यमेळाची जोड दिली होती. त्यानंतर ‘सावरखेड एक गाव’ (२००४) या चित्रपटासाठी त्यांनी भवानीचा गोंधळ स्वरबद्ध केला व तो स्वतः अजय यांनी गायिला. त्याच वर्षीच्या ‘अगं बाई अरेच्चा!’ या चित्रपटातील खंडोबाच्या गीतानेही हाच मार्ग दृढ केला. ‘जोगवा’ या चित्रपटाच्या संगीतास पुढे २००८ सालचा राष्ट्रीय पुरस्कार लाभला, तेव्हा देवीउपासनेच्या संगीतास राष्ट्रीय मान्यताही मिळाली.

या गीतांचा परिणाम दुहेरी झाला. नवरात्रातील वाद्यवृंद, मिरवणुका आणि शाळांची स्नेहसंमेलने यांतून संबळाचा ठेका ज्यांच्या घरी गोंधळाचा कुळाचार नाही, अशांच्याही कानी परिचित झाला. परंतु चार-पाच मिनिटांच्या मुद्रणात सामावले ते मुख्यतः पूर्वरंगातील आवाहन. आख्यान तेथे मावणे शक्यच नव्हते. शिवाय नाईक यजमानाचे कूळ, गाव आणि प्रसंग पाहून शब्द बदलतो. मुद्रित गीत मात्र सर्वांसाठी एकच असते.

यात संगीतकारांना दोष देणे न्याय्य ठरणार नाही. मुद्रणाने गोंधळाला श्रोते दिले; यजमान देणे हे त्याच्या शक्तीबाहेरचे होते. गोंधळ्याची उपजीविका आणि आख्यानांचा मौखिक साठा ही दोन्ही मात्र यजमानावरच अवलंबून आहेत. घरोघरचा जागर आटोपशीर होत गेला, तर ठेका सर्वांच्या स्मरणात राहील व कथा लोपेल. म्हणून आवाहनाचे मुद्रण जसे झाले, तसे संपूर्ण रात्रीच्या आख्यानाचे मुद्रण, ते सांगणारे नाईक हयात आहेत तोवरच, होणे अगत्याचे आहे.