घोंगडी, चीवर आणि लुगडे

घोडेगावाहून भीमाशंकराकडे जाताना तळेघर लागते. हा डोंगरपट्टा महादेव कोळ्यांचा. पाऊस असा की, पूर्वी इरल्यावाचून आणि खोळ करून डोक्यावर घेतलेल्या घोंगडीवाचून भाताची लावणी होत नसे. धनगराने मेंढरे कातरावीत, घरच्या बायांनी लोकर कातावी, सणगराने ताण्याला चिंचोक्याची खळ कुंच्याने चोळावी आणि खड्ड्याच्या मागावर पट्टी विणावी, असे त्या घोंगडीमागचे श्रम. आज तीच घोंगडी शहरातल्या प्रदर्शनांत 'हातमागाचा वारसा' म्हणून टांगली जाते. त्यातून विणणाऱ्याला चार पैसे मिळत असतील तर आनंदच आहे. पण वारसा हा शब्द आला की, तो कोणाचा आणि कोणाच्या खांद्यावरचा, हे आपण विचारले पाहिजे.

पारंपरिक वस्त्राचा अभिमान कसा असावा हे सांगताना ग्वाटेमालातल्या माया स्त्रियांचा दाखला दिला जातो. दाखला खरा आहे. कमरेला पट्टा बांधून चालवायच्या मागावर त्या 'वीपिल' हा अंगरखा विणतात आणि त्याच्या नक्षीवरून बाई कोणत्या गावची हे ओळखू येते. १९९२ साली नोबेल शांतता पारितोषिक मिळालेल्या रिगोबेर्ता मेंचू जगभर याच पेहरावात वावरल्या. पण १९८० नंतरच्या लष्करी कत्तलींच्या काळात हीच ओळख जिवावर बेतत होती, म्हणून कित्येकींनी तो पेहराव उतरवून ठेवला. पुढे त्यांच्या नक्ष्या व्यापारी उचलू लागले, तेव्हा माया विणकर स्त्रिया २०१६ साली सामूहिक मालकीचा प्रश्न घेऊन घटनात्मक न्यायालयापर्यंत गेल्या. वस्त्र त्यांचे होते, म्हणून त्या त्याच्यासाठी भांडल्या.

आपली गोष्ट वेगळी आहे. मुळात ती तशी नव्हती, हेही नोंदले पाहिजे. जुन्नरच्या लेण्यांत बुरूड, कासार यांच्या श्रेणींचे लेख आहेत. नाशिकच्या लेण्यातला नहपानाचा जावई उषवदात याचा लेख तर विणकरांसाठी मोलाचा आहे. त्याने गोवर्धन येथील कोलिकांच्या, म्हणजे विणकरांच्या, दोन निकायांकडे ३००० कार्षापण कायम ठेव म्हणून ठेवले. (नावसाम्यावरून हे कोलिक आणि आजचे कोळी एक मानू नयेत.) पैकी २००० वर दरमहा शेकडा एक व्याज. वर्षाचे २४० होतात. वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी १२, चीवरासाठी. हिशेब नीट जुळतो. विणकर हा त्या काळी पतीचा माणूस होता. राजघराणे आपला पैसा त्याच्या हाती सोपवीत होते.

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायाने चांडाळांना मात्र प्रेतावरची वस्त्रे नेमून दिली. हा केवळ पोथीतला नियम राहिला नाही. प्रेतावरचे कापड महाराचे, हा गावगाड्यातला 'हक्क' होता! हातात काठी आणि खांद्यावर घोंगडी ही वेसकराची खूण. तळेघरच्या शेतकऱ्याला जी घोंगडी पावसापासून आडोसा देत होती, तीच इथे माणूस दुरून ओळखावा म्हणून होती. ऊन-पावसाने दोघींत भेद केला नाही, गावाने केला.

महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी त्या ग्रंथाचे दहन झाले आणि दोनच दिवसांनी बाबासाहेब स्त्रियांशी बोलले. गुडघ्यावर लुगडे नेसण्याची पद्धत आणि कथलाच्या दागिन्यांचे ओझे टाकून द्या, असे त्यांनी सांगितले. बायांनी लुगडी वेगळ्या रीतीने नेसायला तिथेच सुरुवात केली. लोकसंस्कृतीच्या अभ्यासकाला यात एक जुनी नेसण हरवल्याची हळहळ वाटेल. ज्या बाईला त्या नेसणीवरून रस्त्यात जात विचारावी लागत नव्हती, तिला वाटली नाही.

विणण्याच्या कामाचेही तेच. विदर्भात महार घरोघरी जाडेभरडे सुती कापड विणत आले होते. मुंबईच्या गिरण्यांत मात्र विणाई खाते अस्पृश्यांना बंद. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्यांचा उष्टा धागा इतर कामगारांना चालत नव्हता. हे जास्त मजुरीचे खाते होते. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लाल बावट्याच्या पुढाऱ्यांसमोर मांडला. हातमागाच्या आजच्या गौरवग्रंथांत हा उष्टा धागा सहसा सापडत नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो माणसे पांढऱ्या कपड्यांत आली. पांढरी लुगडी, पांढरे सदरे. ते कापड त्यांना गावाने नेमून दिलेले नव्हते आणि ते पाहून कोणाला त्यांचे बलुते ओळखता येत नव्हते.