दोन पट्ट्यांच्या मधलं वरूड

मागच्या भागात आपण गाविलगडाच्या तटबंदीबद्दल बोललो. आज बोलू त्या गडाचं नाव मिरवणाऱ्या एका चांदीच्या पदकाबद्दल.

पदकाचं नाव 'आर्मी ऑफ इंडिया मेडल'. एका बाजूला व्हिक्टोरिया राणीचा मुखवटा, दुसऱ्या बाजूला बसलेली विजयदेवता, वर फिकट निळी फीत. पदक आणि फीत यांच्यामध्ये चांदीच्या आडव्या पट्ट्या असतात. इंग्रज त्यांना क्लास्प म्हणतात. शिपाई ज्या लढाईत होता तिचं नाव त्या पट्टीवर. लढाया जास्त, तर पट्ट्या जास्त. या पदकासाठी अशा एकूण २१ पट्ट्या ठरल्या होत्या.

आता नकाशा डोळ्यासमोर आणा. वरूडहून मोर्शी, परतवाडा करत पश्चिमेला गेलं की चिखलदऱ्याशेजारी गाविलगड. एक पट्टी त्याची. त्याच्याही पुढे, अकोला जिल्ह्यात तेल्हाऱ्याजवळ अडगाव. दुसरी पट्टी त्याची, फक्त स्पेलिंग असं की 'अर्गाऊम' वाचल्यावर आपलं अडगाव ओळखूच येत नाही. उलट पूर्वेला नागपूरकडे निघालात की सीताबर्डी. तिचीही पट्टी आहे. म्हणजे आपलं वरूड या पट्ट्यांच्या बरोब्बर मध्ये बसलंय.

अडगावची लढाई २९ नोव्हेंबर १८०३ ची. एका बाजूला नागपूरकर भोसल्यांची फौज आणि शिंद्यांचे घोडेस्वार, समोर आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. भोसल्यांच्या तोफा सुरू झाल्या तशा कंपनीच्या तीन देशी पलटणी बिथरून मागे फिरल्या. दोनच महिन्यांआधी असईला हेच शिपाई नेटानं लढले होते. वेलस्लीनं त्यांना सावरून परत उभं केलं आणि लढाई जिंकली. मग १५ डिसेंबरला गाविलगड पडला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता मारला गेला. दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड भोसल्यांच्या हातून निजामाकडे गेला.

एवढी मोठी मोहीम. मग त्या शिपायांना पदक कधी मिळालं? १८५१ साली! तब्बल ४८ वर्षांनी.

आणि खरी मेख पुढे आहे. पदक फक्त हयात असलेल्यांना. विशीत अडगावला लढलेला शिपाई १८५१ मध्ये अडुसष्ट वर्षांचा. किती जण उरले असतील? जे रणात पडले, जे जखमांनी गेले, जे नंतर तापानं नाहीतर म्हातारपणानं गेले, त्यांच्या नावाचं पदक नाही. बेनीसिंग आणि त्याची माणसं तर हरलेल्या बाजूची. त्यांचा प्रश्नच नव्हता.

म्हणून पदक बघताना एक लक्षात ठेवा. 'लढलं कोण' हे पदक पुरतं सांगत नाही. 'लढलेल्यांपैकी उरलं कोण, आणि हिशेबात धरलं कोणाला' एवढंच ते सांगतं.

याच पदकावर कोरेगावचीही पट्टी आहे, १ जानेवारी १८१८ च्या लढाईची. पण कोरेगावला गोष्ट पदकावर थांबली नाही. तिथल्या स्तंभावर मेलेल्या शिपायांची नावं कोरली गेली, आणि 'नाक'नं संपणारी त्यातली नावं आज लाखो लोक जाऊन वाचतात. चांदी जिवंतांना मिळाली, पण मेलेल्यांना जपलं ते दगडानं. कधी कधी तर दगडही लागत नाही. आपल्याच तालुक्यातलं बेनोडा घ्या ना. १९४२ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या माणसांनी प्राण दिले, आणि गावाच्या नावालाच 'शहीद' जोडलं गेलं. एसटीच्या पाटीवर रोज दिसणारं पदकच म्हणा ते.

आता कामाचं. १८५१ चं पदक तुमच्या घरी निघणं अवघड. पण पहिल्या महायुद्धाचं निघू शकतं. एका बाजूला पंचम जॉर्ज, दुसऱ्या बाजूला घोडेस्वार आणि १९१४ ते १९१८ ही सालं. असं पदक सापडलं तर आधी त्याची कड बघा. रुपयाच्या नाण्याला जशी कड असते तशीच. तिच्यावर बारीक अक्षरात शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. धातूही बघा. लढणाऱ्या शिपायांना ते चांदीचं मिळे, तर मजूर पलटणींतल्या हिंदी माणसांना काशाचं. युद्ध एकच, पण धातू वेगळा.

चिंच लावून घासू नका, अक्षरं झिजतात. भिंगातून वाचा, वहीत उतरवून ठेवा, कडेचा फोटो काढा. आणि चांदीच्या भावात मोडायला तर अजिबात देऊ नका. सराफ वजन करेल हो, पण वितळली की त्या माणसाचं नाव गेलं. अन् बऱ्याच शिपायांचं नाव त्या कडेशिवाय दुसरीकडे कुठंच कोरलेलं नाही.

पुढच्या भागात सीताबर्डी. तोवर घरातल्या जुन्या पेट्या उघडून बघा, मंडळी.