किनाऱ्याजवळच्या पवनचक्क्या : कोपनहेगनचा अनुभव आणि किनारवासीयांचा वाटा

समुद्रात उभारलेल्या पवनचक्क्यांच्या समूहाला सागरी पवनऊर्जा प्रकल्प म्हणतात. सातारा जिल्ह्यातील वनकुसवडे पठारावरील पवनचक्क्या आपल्यापैकी अनेकांनी पाहिल्या असतील. त्याच जातीची, परंतु आकाराने बहुधा मोठी यंत्रे समुद्राच्या तळाशी पाया घालून उभी केली जातात. भारताच्या किनाऱ्यावरही असे प्रकल्प आणण्याचे सरकारी धोरण ठरलेले आहे. आपल्या धर्मप्रांतातील अनेक कुटुंबांची चूल समुद्रावर पेटते. म्हणून या विषयाची माहिती आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

समुद्रच का?

वाऱ्यापासून मिळणारी शक्ती ही त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्यातील शक्ती आठपट होते. जमिनीवर डोंगर, झाडे व इमारती वाऱ्याला अडवितात. समुद्रावर असा अडथळा नसल्याने वारा अधिक वेगाने आणि अधिक सातत्याने वाहतो. मात्र समुद्रात पाया घालणे, तळाखालून वीजवाहिनी नेणे आणि खाऱ्या हवेत यंत्रांची निगा राखणे हे सारे खर्चाचे काम आहे. किनाऱ्यापासून जितके दूर आणि पाणी जितके खोल, तितका खर्च वाढतो. त्यामुळे सुरुवातीचे प्रकल्प किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात झाले. नेमक्या याच पाण्यात लहान होड्यांची मासेमारी चालते, आणि प्रश्नाचे मूळ येथेच आहे.

जगातील पहिला सागरी पवनऊर्जा प्रकल्प डेन्मार्कमधील विंडेबी येथे १९९१ साली उभा राहिला. तेथे प्रत्येकी ४५० किलोवॅट क्षमतेच्या ११ पवनचक्क्या होत्या. सुमारे २५ वर्षे वीज दिल्यानंतर २०१७ साली त्या काढून टाकण्यात आल्या.

मिडलग्रुंडेन : लोकांनी उभारलेला प्रकल्प

डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन हिच्या बंदरासमोर, किनाऱ्यापासून काही किलोमीटरवर मिडलग्रुंडेन नावाचा उथळ भाग आहे. बंदरातून उपसलेला गाळ सुमारे दोनशे वर्षे तेथे टाकला जात असे. तेथील पाण्याची खोली अवघी तीन ते सहा मीटर आहे. या जागी पवनचक्क्या उभाराव्यात, ही कल्पना १९९६ साली शहरातील पर्यावरण व ऊर्जाविषयक कार्य करणाऱ्या नागरिकांनी पुढे आणली आणि १९९७ मध्ये त्यासाठी सहकारी संस्था स्थापन झाली.

पहिल्या आराखड्यात २७ पवनचक्क्या तीन ओळींत उभ्या करावयाच्या होत्या. हा आराखडा जाहीर सुनावणीसाठी लोकांपुढे ठेवण्यात आला. शहरासमोरील समुद्राचे रूप बिघडेल, अशी हरकत अनेकांनी घेतली. काहींना आवाजाची भीती वाटत होती. तळातील गाळ ढवळल्यास त्यात साचलेले जड धातू पाण्यात मिसळतील, अशीही शंका होती. आयोजकांनी या हरकती फाइलीत बंद केल्या नाहीत. आवाजाची शंका असलेल्या रहिवाशांना त्यांनी जमिनीवरील चालू पवनचक्कीजवळ नेले आणि ती प्रत्यक्ष ऐकविली. निरनिराळ्या ठिकाणांहून प्रकल्प कसा दिसेल याची चित्रे करून दाखविली. अखेरीस आराखडाच बदलला. २७ ऐवजी २० पवनचक्क्या, आणि त्या तीन ओळींऐवजी सुमारे साडेतीन किलोमीटर लांबीच्या एका हलक्या वळणात, असे ठरले.

अंतिम परवानगी १९९९ च्या अखेरीस मिळाली आणि २००० साली पवनचक्क्या उभ्या राहिल्या. प्रत्येकीची क्षमता २ मेगावॅट, म्हणजे एकूण ४० मेगावॅट. मनोऱ्याची उंची ६४ मीटर आणि पात्यांच्या वर्तुळाचा व्यास ७६ मीटर. काँक्रीटचे पाये कोरड्या गोदीत ओतून, समुद्रात नेऊन तळावर बसविण्यात आले. शहराच्या त्या काळच्या वीजगरजेपैकी सुमारे तीन ते चार टक्के वीज येथून मिळू लागली.

यातील सर्वांत लक्षणीय बाब मालकीची आहे. दहा पवनचक्क्या महानगराच्या वीजसंस्थेच्या आणि दहा सहकारी संस्थेच्या, अशी वाटणी झाली. सहकारी संस्थेने ४०,५०० भाग विक्रीस काढले. एका भागाची किंमत ४,२५० क्रोनर होती आणि वर्षाला साधारण १,००० किलोवॅट-तास वीज हा एका भागाचा हिशोब होता. सुमारे साडेआठ हजार लोक सभासद झाले. आपल्याकडे मच्छीमार सोसायटीचा किंवा पतपेढीचा सभासद भाग घेतो, तसाच हा व्यवहार होता.

दुसरे उदाहरण

याच्या उलट उदाहरण अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याचे आहे. तेथील नँटकेट साउंड या समुद्रभागात ‘केप विंड’ नावाचा १३० पवनचक्क्यांचा खाजगी प्रकल्प २००१ साली मांडण्यात आला. किनाऱ्यावरील घरमालक, मच्छीमार आणि तेथील मूळनिवासी वांपानोआग समाज यांचा त्याला विरोध झाला. खटले व सुनावण्या वर्षानुवर्षे चालल्या, आणि एकही पवनचक्की न उभारता २०१७ मध्ये प्रकल्प सोडून देण्यात आला. विरोधकांचे सर्वच आक्षेप योग्य होते असे आम्ही म्हणणार नाही. श्रीमंतांना आपल्या खिडकीतील देखावा प्रिय असतो, हेही त्यात होते. परंतु ज्यांच्या दारात प्रकल्प येतो त्यांना तो परका वाटला, तर उत्तम हेतूसुद्धा वाऱ्यावर जातो, हे यातून दिसते.

ख्रिस्तसभेची शिकवण

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक प्रसिद्ध केले. कोळसा व तेल यांचा वापर कमी करून अक्षय ऊर्जेकडे वळण्याचे आवाहन त्यांनी त्यात केले आहे. त्याच परिपत्रकात ते आणखी दोन गोष्टी सांगतात. काही ठिकाणी लोक सहकारी संस्था काढून आपली ऊर्जा आपणच निर्माण करीत आहेत, याची ते गौरवाने नोंद घेतात. तसेच पर्यावरणावरील परिणामांचा अभ्यास हा व्यवसायाचा आराखडा ठरण्यापूर्वी व्हावा आणि चर्चेत स्थानिक लोकांना विशेष स्थान असावे, असा आग्रह ते धरतात. म्हणजे सृष्टीची काळजी आणि गरिबाचा न्याय या एकाच कर्तव्याच्या दोन बाजू आहेत. एक स्वीकारून दुसरी सोडता येत नाही.

आपल्या किनाऱ्यापुढील प्रश्न

भारत सरकारने २०१५ मध्ये राष्ट्रीय सागरी पवनऊर्जा धोरण जाहीर केले. प्रारंभासाठी गुजरात व तामिळनाडू यांचे किनारे निवडण्यात आले. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने या दोन राज्यांत प्रत्येकी ५०० मेगावॅटच्या प्रकल्पांना साहाय्य म्हणून ७,४५३ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. महाराष्ट्राचा किनारा या पहिल्या टप्प्यात नाही. तथापि समुद्राला राज्याची कुंपणे नसतात, आणि वाढवण बंदराच्या निमित्ताने मच्छीमारांनी व्यक्त केलेली चिंता आपल्या ओळखीची आहे.

असा प्रकल्प कधी आपल्या समुद्रात आला, तर विचारण्याचे प्रश्न आजच समजून घ्यावेत. समुद्रात कवी ठोकून डोल जाळी लावणाऱ्याची जागा ठरलेली असते. ती गेली तर त्याने कोठे जावे? वीजवाहिनी तळात किती खोल पुरली जाईल? बांधकामाच्या काळात मासेमारी किती महिने बंद राहील, आणि भरपाई बोटीच्या मालकाबरोबर खलाशाला व मासळी विकणाऱ्या स्त्रीलाही मिळेल काय? यंत्रांचे आयुष्य संपल्यावर ती विंडेबीप्रमाणे काढून नेण्याचा खर्च कोण उचलील? आणि शेवटी, किनाऱ्यावरील सोसायट्यांना त्यात भाग घेता येईल काय?

केवळ विरोधासाठी विरोध करावा, असे आम्ही सुचवीत नाही. तापमान वाढल्याचा आणि वादळे बदलल्याचा फटका प्रथम मच्छीमारालाच बसतो. त्यामुळे स्वच्छ ऊर्जेची गरज त्याला इतरांपेक्षा अधिक आहे. परंतु मिडलग्रुंडेन येथे २७ चे २० झाले ते लोकांना आधी विचारल्यामुळे, आणि ते लोक पुढे त्याचे मालकही झाले. प्रभूने आपले पहिले शिष्य जाळी टाकणाऱ्यांतून निवडले. त्यांच्या वारसांचा आवाज समुद्राविषयीच्या निर्णयात शेवटी नव्हे, तर प्रारंभी ऐकला जावा. त्यासाठी धर्मग्रामांतील संस्था, मच्छीमार सोसायट्या व सुशिक्षित तरुण यांनी या विषयाचा अभ्यास आतापासूनच सुरू करावा, अशी आमची नम्र विनंती आहे.